बाहीतला हात

अंतराळवीराचा पोशाख मी आजवर प्रत्यक्ष पाहिलेला नाही. तरी तो घातलेल्या माणसाचा हात कसा हलेल, याचं गणित मी जवळजवळ तीन वर्षं करत होते. कोल्हापुरातल्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात मी शिकवते. दक्षिणेकडच्या एका मोठ्या संस्थेने हे काम तुकडे करून चार-पाच कॉलेजांना वाटून दिलं होतं. कुणाकडे गुडघा गेला, कुणाकडे कंबर. आमच्या वाट्याला कोपर आणि खांदा आले.

काम सांगायला सोपं आहे. वर बाहेर हवा नसते, म्हणून पोशाखात हवा भरतात. हवा भरली की तो फुगतो आणि कडक होतो. सायकलची फुगलेली ट्यूब वाकवून सोडली की ती परत सरळ व्हायला बघते, पोशाखाची बाहीही तशीच. आतल्या माणसाने कोपर वाकवलं की दर वेळी त्याला त्या हवेशी झगडावं लागतं. साधा हात तोंडापर्यंत न्यायला किती जोर लागेल, कुठला स्नायू आधी दमेल, हे माणूस वर पाठवण्याआधी कॉम्प्युटरवर कळायला हवं. त्यासाठी मॉडेल. पडद्यावर हाडांचा सांगाडा, त्याला दोऱ्यांसारखे लाल स्नायू जोडलेले, आणि सांध्यावर बाहीचा विरोध आकड्यात बसवलेला. खऱ्या माणसाच्या हालचाली मोजायच्या आणि मॉडेलला तसंच हलायला लावायचं. दोन्ही जुळेपर्यंत आकडे बदलत राहायचं.

खरा पोशाख आम्हाला कोण देणार? मग बाह्या आम्हीच केल्या. उद्यमनगरात गाड्यांची सीट कव्हर्स शिवणाऱ्या एका कारागिराला आत रबर आणि बाहेर कॅनव्हास लावून तीन मापांच्या बाह्या शिवायला सांगितल्या. दोन्ही टोकांना बसवायची ॲल्युमिनियमची कडी शिरोलीच्या एका कारखान्यातून करून आणली. कारागिराने पहिली बाही हातात देताना विचारलं होतं, "मॅडम, गाडी कुठली हाय ही?"

लहान आणि मधल्या मापाच्या बाहीला कॉलेजातली माणसं मिळाली. मोठ्या मापाला हात मिळेना. शेवटी मी माझ्या भावाला विचारलं.

तो माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. आम्ही जैन शेतकरी, हातकणंगल्याजवळच्या गावातले. आमच्याकडे थोरल्या भावाला अण्णा म्हणतात. आई-वडील गेल्यावर शेत आणि म्हशी त्यानेच सांभाळल्या, आणि मला शिकवलंही त्यानेच. सहा फूट उंच, हात गुडघ्यापर्यंत येतील असे लांब. म्हशींच्या धारा तो स्वतः काढायचा. यंत्र घेऊ या म्हटलं तर हसायचा.

पहिल्यांदा प्रयोगशाळेत आला तेव्हा दारात चपला काढून आत आला. मी म्हटलं, असू दे पायात. म्हणाला, "देवळासारखंच गार हाय की इथं." मी त्याच्या दंडावर आणि मनगटाच्या वर स्नायूंची वीज टिपणाऱ्या छोट्या चकत्या चिकटवल्या, कोपरावर खुणा लावल्या, बाही चढवली आणि पंपाने हवा भरली. बाही फुगून सरळ झाली.

"आता वाकव."

त्याने वाकवली. चेहऱ्यावर जरा नवल उमटलं. "ही तर भांडायला लागली की."

"वर गेलेल्या माणसाला दिवसभर असंच भांडायला लागतं."

"काय करतोय त्यो वर जाऊन?"

"स्क्रू फिरवतो. दोऱ्या ओढतो. काहीबाही दुरुस्त करतो."

"मग धारा काढणारा माणूस न्यावा की वर. आमचं मनगाट दमत न्हाय, मास्तरीण."

मला तो मास्तरीणच म्हणायचा, मी पाचवीत होते तेव्हापासून.

मोबाईलवर ठोक्याचा आवाज लावून त्याने चाळीस वेळा कोपर वाकवलं. नंतर मी सगळ्या रेषा एकावर एक ठेवल्या. त्या इतक्या नेमक्या बसल्या की एकच जाड रेष वाटावी. बाकी कुणाचीही हालचाल इतकी एकसारखी येत नव्हती. त्या दिवशीच ठरलं की तो दर शनिवारी येणार. सकाळी दूध घालून, आंघोळ करून, मोटरसायकलवरून अकराला तो हजर व्हायचा. उसाच्या हंगामात एखादा शनिवार चुकायचा, तेवढाच.

शनिवारी आमचं बोलणं व्हायचं. एरवी फोनवर आम्ही काय बोलणार? कोण आजारी आहे, कुणाचं लग्न ठरलं, एवढंच. इथे मी त्याच्या हातावर चकत्या लावत असायचे आणि तो सांगत बसायचा. कुठल्या म्हशीला काय झालं, तळ्याच्या कडेच्या तुकड्यात पाणी कसं साचतं, माझ्या लहानपणी मी शाळेतून पळून घरी यायचे तेव्हा तो मला कसा परत नेऊन सोडायचा. चाळिशीला आलेली मी एकटी राहते, माझ्याशी इतकं कुणी बोलत नाही. खरं सांगायचं तर त्या शनिवारांची मी वाट बघायचे.

प्रत्येक वेळी सुरुवातीला दोन मिनिटं हात टेबलावर सैल टाकून बसायचं असतं. स्नायू शांत असताना पडद्यावरची रेष सपाट यायला हवी. तिसऱ्या की चौथ्या महिन्यात अण्णाच्या रेषेवर मधूनच बारीक टोकं दिसायला लागली. सपाट, सपाट, मग एक टोक. परत सपाट. त्यांना ताल नव्हता.

मी म्हटलं, "हात सैल सोड."

"सैलच हाय."

मी पंखा बंद केला. टोकं राहिली. वायर बदलली. टोकं राहिली. दुसऱ्या माणसाला त्याच वायरी लावल्या तर रेष स्वच्छ आली. मग मला वाटलं, अण्णाच्या हातावर केस फार आहेत, उन्हातून आल्यामुळे घामही आहे. मी वस्तरा आणून चकतीपुरती जागा भादरली, स्पिरिटने पुसली. तो हसत होता, "आता दाढी बी करून टाक." टोकं तरीही राहिली. त्याच्या दंडाची कातडी बारीक थरथरल्यासारखी मला एकदा दिसलीसुद्धा. मी विचारलं तर म्हणाला, "हां, उडतंय कधी कधी. पोती उचलल्यावर उडतंच."

मी वहीत लिहिलं: गोंगाट. आमच्या कामात सिग्नलमध्ये नको ते जे काही येतं त्याला गोंगाट म्हणतात, आणि तो काढून टाकायला कॉम्प्युटरवर चाळणी असते. मी चाळणी लावली. रेष सपाट झाली.

त्याच सुमाराला दुसरी गोष्ट सुरू झाली. अण्णाचं कोपर पूर्वीइतकं वाकेना. फरक थोडा होता, पण दर शनिवारी थोडा थोडा वाढत होता. स्नायूतली वीज मात्र पहिल्यासारखीच जोरात येत होती, उलट जास्तच. म्हणजे माणूस तेवढाच जोर लावतोय आणि हात कमी वाकतोय. याचा मी एकच अर्थ लावला. बाही कडक होत चाललीय. कॅनव्हास घामाने आणि हवेच्या दाबाने आवळत असेल, रबर निबर होत असेल. मोठ्या मापाची बाही एकटा अण्णाच वापरत होता, त्यामुळे ताडून बघायला दुसरा माणूस नव्हता. रिकामी बाही स्प्रिंगच्या काट्याला लावून तिचा विरोध परत मोजणं एका दुपारचं काम होतं. सुरुवातीला मी ते केलं होतं. परत केलं नाही. परीक्षा होत्या, पेपर तपासायचे होते, आणि मॉडेलमध्ये बाहीचा आकडा वाढवला की सगळं इतकं छान जुळत होतं.

दर शनिवारी मी तो आकडा थोडा वाढवत गेले.

सहामाही आढाव्याच्या ऑनलाइन बैठकीत मी हे मांडलं. वापराने बाही कडक होते आणि ती किती वेगाने होते हे मॉडेल सांगू शकतं. पडद्यापलीकडे बसलेल्या मोठ्या संस्थेतल्या लोकांनी दोनदा ती आकृती परत दाखवायला सांगितली. आमचे विभागप्रमुख फारसं कुणाचं कौतुक करत नाहीत. ते बैठक संपल्यावर म्हणाले, "मॅडम, हे नवीन आहे. यावर पेपर होईल."

त्या शनिवारी मी पेढे आणले. अण्णाला म्हटलं, "तुझ्यामुळे सापडलं."

त्याने उजव्या हाताने पेढा उचलला. तो बोटांतून सुटून टेबलावर पडला. त्याने डाव्या हाताने घेतला, तोंडात टाकला आणि म्हणाला, "चांगलं झालं की."

मी बघत होते. पेढा सुटलेला मी बघितला.

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी वहिनीचा फोन आला. वहिनी कमी बोलते. म्हणाली, "वन्सं, धार काढताना ह्यांच्या हातातनं सड निसटतोय. पहिल्यांदा वाटलं म्हस आटली. म्हस आटली न्हाय, ह्यांचा हात आटलाय. अंगठ्याच्या बुडाला खड्डा पडलाय बघा."

मी दर शनिवारी तो हात हातात धरत होते. अंगठ्याच्या बुडाचा खड्डा मी पाहिला नव्हता. माझ्या चकत्या मनगटाच्या वर होत्या.

कोल्हापुरातल्या मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी हात वर धरायला सांगितलं, बोटं फाकवायला सांगितली, जीभ बाहेर काढायला सांगितली. मग सुईची तपासणी. स्नायूत बारीक सुई घालून आतली वीज बघतात. अण्णा पलंगावर आडवा होता. मी पायथ्याशी उभी होते, तिथून यंत्राचा पडदा दिसत होता. डॉक्टर म्हणाले, "हात सैल सोडा."

"सैलच हाय," अण्णा म्हणाला.

पडद्यावर सपाट रेष आली. मग एक टोक. परत सपाट. परत टोक. त्या यंत्राला आवाजही होता, पत्र्यावर तुरळक खडे पडावेत तसा. मी ती रेष ओळखली. माझ्याकडे ती चार महिन्यांची साठवलेली होती.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, मोटर न्यूरॉन डिसीज. मेंदूकडून स्नायूंना हुकूम नेणाऱ्या पेशी एकेक करून मरत जातात. आधी हात किंवा पाय, मग उरलेलं शरीर, मग गिळणं, मग श्वास. बुद्धी शाबूत राहते. औषध आहे, पण ते बरं करणारं नाही.

अण्णाने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "धारा कोण काढंल?"

डॉक्टरांना प्रश्न कळला नाही. वहिनी म्हणाली, "मी काढीन."

पुण्याला जाऊन दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनीही तेच सांगितलं. परत आल्यावर सोमवारी सकाळी मी प्रयोगशाळा उघडली, मोठी बाही काढली आणि काट्याला लावून मोजली. विरोध पहिल्या दिवशी होता तेवढाच होता. तीन वेळा मोजला. बाही जराही कडक झाली नव्हती.

मग मी कॉम्प्युटर सुरू केला आणि मॉडेलमधला बाहीचा आकडा पहिल्या दिवसाच्या जागी परत नेला. स्नायूंच्या जोराचा आकडा तोपर्यंत मी कधी हलवलाच नव्हता, कारण मॉडेलमधला माणूस निरोगी असतो हे आम्ही धरूनच चालतो. तो मी दर शनिवारच्या हिशोबाने खाली आणला. रेषा जुळल्या. बाहीचा आकडा वाढवून जुळल्या होत्या त्याहून चांगल्या जुळल्या.

तिथे मी थांबायला हवं होतं. मी मॉडेल पुढे चालवलं. याच वेगाने जोर कमी होत गेला तर बाही नसलेला, उघडा हात तोंडापर्यंत कधी जाणार नाही, हे त्याला विचारलं. त्याने महिना सांगितला. मी कॉम्प्युटर बंद केला आणि अकराच्या तासाला वर्गावर गेले. काय शिकवलं ते आठवत नाही.

तो महिना मी कुणालाही सांगितला नाही. तो जवळजवळ बरोबर निघाला.

डॉक्टरांकडे मी एकटी एकदा गेले. माझ्याकडच्या रेषा दाखवल्या. म्हटलं, "हे चार महिने आधी कळलं असतं तर?"

त्यांनी रेषा नीट बघितल्या. म्हणाले, "या आजारात फारसा फरक पडला नसता. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. असं उडणं निरोगी माणसातही दिसतं."

बोलले ते चांगुलपणानेच. पण 'फारसा' हा शब्द घेऊन मी जिना उतरले आणि तो अजून माझ्याकडे आहे. चार महिने आधी गोळ्या सुरू झाल्या असत्या. आणि त्या चार महिन्यांत तो काय करू शकला असता, कुठे जाऊन आला असता, ते मला माहीत नाही. त्याने ते माझ्या प्रयोगशाळेत कोपर वाकवण्यात घालवले.

अण्णाला सांगायचं ठरवायला मला महिना लागला. रविवारी दुपारी गोठ्यासमोर तो खुर्चीवर बसला होता, वहिनी वैरण टाकत होती. मी सगळं सांगितलं. टोकं, चाळणी, बाहीचा आकडा, आढाव्यातलं कौतुक.

"म्हंजे तू बघितलंस," तो म्हणाला, "आन् तुला दिसलं न्हाय."

"व्हय."

मग म्हणाला, "मला बी कुठं दिसलं. हात तर माझाच हुता."

त्याने मला माफ केलं, असं मी समजू शकले असते. पण वहिनी वैरणीचा भारा खाली ठेवून आमच्याजवळ आली होती. ती म्हणाली, "वन्सं, त्ये अडाणी शेतकरी. तुम्ही शिकलेल्या. दर शनवारी हात धरून बसत हुता की तुम्ही."

अण्णा म्हणाला, "जाऊ दे."

ती म्हणाली, "जाऊ दे तर जाऊ दे," आणि भारा उचलून आत गेली.

पुढे सगळं डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे झालं. उजवा हात गेला, मग डावा. मोटरसायकल दारात उभी राहिली. मी शनिवारी दुपारीच गावाला जायला लागले आणि सोमवारी पहिल्या बसने परत यायचे.

आमच्या घरात दिवस मावळायच्या आत जेवतात. अण्णा हा नियम लहानपणापासून पाळत आलेला. गिळणं जड झाल्यावर त्याला जेवायला दीड-दोन तास लागायचे. मग वहिनी चारलाच ताट घ्यायची. मऊ भात, ताक, शिजवून घोटलेली डाळ. एक घास, मग वाट बघायची. गिळला का ते गळ्याकडे बघून ठरवायचं, मग दुसरा. हिवाळ्यात दिवस लहान झाला तेव्हा कितीदा तरी अर्धं ताट राहायचं आणि उजेड जायचा. मी म्हणायचे, खा रे, आजारी माणसाला नियम नसतो. तो मान हलवायचा. तेव्हा मान हलत होती.

डावा हात थोडा चालत होता तेव्हा तो एकदा मला म्हणाला, "तुझी ती बाही माणसाशी भांडती. माणसाला उचलून धरणारी करता ईल का?"

मी कामाला लागले. मनात आशा होती असं नाही, पण हाताला काम मिळालं. खुर्चीला एक खांब, त्यावरून रबरी पट्टे, आणि हात ठेवायला झोळी. हाताचं वजन पट्ट्यांनी पेललं की उरल्यासुरल्या जोरावर घास तोंडापर्यंत जाईल. पट्टे किती ताणायचे ते मॉडेलवर काढलं. त्याच सांगाड्यावर, त्याच आकड्यांवर. पडद्यावरचा हात सुरेख वर जात होता. झोळी मी त्याच सीट कव्हरवाल्याकडून शिवून घेतली. त्याला आता सांगावं लागलं कशासाठी ते. त्याने कोपराखाली आपणहून मऊ अस्तर लावून दिलं.

पहिल्या दिवशी अण्णाने स्वतःच्या हाताने तीन घास खाल्ले. भात निम्मा अंगावर सांडला. वहिनी दाराला टेकून बघत होती, तिने पुसायला फडकं आणलं नाही, तसंच राहू दिलं. चौथ्या दिवशी खांदा दुखायला लागला. स्नायू नसलेला खांदा पट्ट्याच्या ओढीने सांध्यातून उतरत होता. मॉडेलमध्ये खांदा हा एक बिंदू असतो, तो जागचा हलत नाही. मी पट्टे सैल केले तर हात वर जाईना. ताणले तर तो दात आवळायचा. आठवडाभर मी सैल करत आणि ताणत राहिले.

मग तो म्हणाला, "मास्तरीण, राहू दे."

"आणखी एकदा बघू."

"राहू दे. ती भरवती, तेच बरं हाय."

मी खांब सोडवला आणि गोठ्याच्या माळ्यावर टाकला.

त्यानंतर आवाज गेला. आधी शब्द जाड झाले, मग मला कळेनासे झाले. वहिनीला कळायचे, ती मला सांगायची. शेवटी तिलाही कळेनासे झाले. पोटातून नळी घालून अन्न देता येतं असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले. परत विचारलं, परत मिटले. कुणीतरी अक्षरांचा तक्ता करून दिला होता, बोट फिरवायचं आणि हव्या त्या अक्षरावर तो डोळे मिटणार. एका रविवारी मी तक्ता घेऊन बसले. पाऊण तासात त्याने सांगितलं ते एवढंच होतं: पाणी तळ्याकडं सोड. शेतातल्या चारीचं पाणी. मी जाऊन सोडलं.

माझ्याबद्दल, त्या शनिवारांबद्दल, तो काही सांगेल असं मला वाटत होतं. मी तक्ता घेऊन आणखी चार-पाच वेळा बसले. दर वेळी त्याला काहीतरी कामाचंच सांगायचं असायचं.

तो सकाळी गेला, सहाच्या सुमाराला, वहिनी धारा काढत असताना. परत आली तर श्वास थांबलेला. मी कोल्हापुरात होते.

प्रकल्प संपत आला होता. शेवटचा अहवाल जायच्या आधी मी मोठ्या संस्थेला सविस्तर पत्र लिहिलं. बाही कडक होत नाही, ज्या माणसाच्या मोजणीवरून ते काढलं तो आजारी होता, चूक माझी आहे, सोबत दुरुस्त मॉडेल जोडलं आहे. विभागप्रमुखांना आधी दाखवलं. ते म्हणाले, "मॅडम, एवढं लिहायची गरज आहे का? एक ओळ पुरे." मी सगळं पाठवलं.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. कळवल्याबद्दल आभार. तिसऱ्या क्रमांकाच्या व्यक्तीची सर्व मोजमापं वगळण्यात येत आहेत. मोठ्या मापासाठी मधल्या मापाचे आकडे उंचीच्या प्रमाणात वाढवून घ्यावेत. आजारी स्नायूंचं दुरुस्त मॉडेल प्रकल्पाच्या कक्षेत येत नाही.

तिसऱ्या क्रमांकाची व्यक्ती म्हणजे अण्णा. मी स्वतःच त्याची फाईल काढून टाकली, मधल्या मापाला गुणलं आणि अहवाल दिला. तो मंजूर झाला. आता त्या मॉडेलमध्ये त्याची एकही हालचाल नाही.

तेराव्यानंतरही मी रविवारी गावाला जात राहिले. वहिनी चहा करायची, ताट वाढायची आणि गोठ्यात निघून जायची. मी एकटी जेवून भांडी घासून ठेवायचे. असे चार-पाच रविवार गेले. मग एकदा चहाचा कप माझ्यासमोर ठेवून ती म्हणाली, "वन्सं, राग मानू नका. काही दिवस येऊ नका."

मी कप उचलला.

"तुम्ही आलासा की माझं डोकं त्येच घोळत बसतंय," ती म्हणाली. "तुम्ही गेलासा की मग दोन-तीन दिवस मला काम सुचत न्हाय."

मी बरं म्हटलं. चहा पिऊन निघाले.

त्याला वर्ष होऊन गेलं. मध्ये एकदाच भेट झाली. शेताच्या उताऱ्यावर अण्णाच्या जागी तिचं नाव लावायचं होतं, शेत आई-वडिलांकडून आलेलं, म्हणून त्याला माझी सही लागत होती. मी हातकणंगल्याला गेले. कचेरीच्या व्हरांड्यात ती आधीच येऊन बसली होती, पिशवीत कागद नीट लावून. बारीक झाली होती. उजव्या हाताची बोटं धारा काढून सुजलेली दिसत होती. मी विचारलं नाही. कारकुनाने दाखवलं तिथे मी सह्या केल्या, तिने अंगठ्याला शाई लावायला हात पुढे केला, तर तो म्हणाला, "सही येत असंल तर सही करा." तिने सावकाश, अक्षर अक्षर जोडून सही केली.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "जेवलासा का?"

मी जेवले नव्हते. म्हटलं, "जेवून आले."

"बरं," ती म्हणाली, आणि रस्ता ओलांडून गावाकडच्या बसच्या बाजूला जाऊन उभी राहिली. माझी बस अलीकडच्या बाजूला लागायची. तिची आधी आली.